पगारकपातीचा कागद समोर आला की वैमानिक संघटनेने काय तपासावं

कंपनी अडचणीत आली की व्यवस्थापन टक्क्यांची भाषा सुरू करतं. ‘वीस टक्के, फक्त सहा महिने.’ घासाघीस नंतर करा, आधी विचारा: कशाचे टक्के?

वैमानिकाच्या पगारात उड्डाण भत्त्याचा वाटा मोठा, आणि पुष्कळ करारांत तो हमी तासांवर ठरतो, म्हणजे विमान कमी उडालं तरी ज्यांचे पैसे मिळतातच अशा तासांवर. समजा ताशी दर ५,००० रुपये आणि हमी ७० तासांची. भत्ता झाला ३,५०,०००. दर १० टक्क्यांनी घटवला तर ३,१५,००० उरतात. दराला हात न लावता हमी २० तासांवर आणली आणि विमानं उभी राहिली, तर हातात १,००,०००. परिपत्रकात मात्र ‘दर कायम’! म्हणून आधी तास धरून ठेवा.

मग शब्द बघा. ‘स्थगित’ रक्कम थकबाकी म्हणून मागता येते, ‘माफ’ केलेली गेली ती गेलीच. ‘परिस्थिती सुधारल्यावर’ असं लिहून घेऊ नका, तारीख घाला. २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजशी बाल्पा या वैमानिक संघटनेने केलेल्या तडजोडीत कपात २० टक्क्यांपासून सुरू होऊन दोन वर्षांत ८ टक्क्यांवर आणि पुढे शून्याकडे जाणार, हे आधीच ठरलं होतं. त्यातही सक्तीची नोकरकपात टळली नाही.

पगारच थांबला तर? वेतन संहितेनुसार मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा; दाव्याची मुदत ३ वर्षं. आठ तारखेला लेखी मागणी पाठवा, दर महिन्याला. थकलेला पगार म्हणजे कंपनीला दिलेलं बिनतारण कर्ज, आणि ते किती महिने द्यायचं हे संघटनेने पहिल्याच महिन्यात ठरवावं. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी १ एप्रिल २०१९ पासून उड्डाणं थांबवायचं ठरवलं, ते १५ एप्रिलवर ढकललं, मग पुन्हा पुढे ढकललं. १७ तारखेला कंपनीचं शेवटचं विमान उडालं. अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढून देणी भागवण्याचा, आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो नोव्हेंबर २०२४ मध्ये.

संप हे जपून वापरायचं हत्यार. विमान कंपनीचा रोजचा पैसा आगाऊ तिकिटांतून येतो, त्यामुळे नुसत्या नोटिशीनेही बुकिंग आटतं. औद्योगिक संबंध संहितेत १४ दिवसांची नोटीस सक्तीची आहे, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तरी तो संपच धरतात. सामूहिक ‘आजारपणा’ची पळवाट तर नकोच, धडधाकट वैमानिकाने आजारी म्हणून कळवणं त्याच्यावरच उलटतं.

दिवाळखोरीचं प्रकरण एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेलं की थकबाकीचा दावा फॉर्म डी या कर्मचाऱ्यांसाठीच्या अर्जात, जाहीर सूचनेतल्या मुदतीत भरा. सोबत नियुक्तीपत्र, पगारपावत्या आणि बँकेचा उतारा. अवसायनात कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्याखाली. कमांडर, म्हणजे विमानाचा मुख्य वैमानिक, ‘कामगार’ की पर्यवेक्षक, हा वाद तिथे निघू शकतो, म्हणून वकिलाला आधीच विचारून ठेवा.

रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक) आणि पगारपावत्या दर महिन्याला स्वतःच्या मेलवर घ्या. कंपनी बंद पडली की अॅपचं लॉगिन कधीही जातं. पीएफचं पासबुक आणि फॉर्म २६एएस हा कापलेल्या कराचा उताराही बघत राहा: पगारातून कापलेला कर भरलाच गेला नाही, तर आयकराची नोटीस वैमानिकाच्या घरी येऊ शकते.