जुन्या होम कॉम्प्युटरवरची चित्रं आजच्या टीव्हीवर दाखवताय? या चुका टाळा

गोव्यात चवथीला गावचं घर उघडलं की माळ्यावरून जुने होम कॉम्प्युटर खाली येतात. काकांनी गल्फमधून आणलेला एमएसएक्स, बोटीवर असलेल्या मामाचा अमिगा ५००, पोर्तुगालहून आलेला टायमेक्स २०४८, नाहीतर १९८०च्या दशकात भारतातच जुळणी झालेला डीबी स्पेक्ट्रम. सोबत फ्लॉपींचा डबा, आणि त्यात कुणीतरी तेव्हा रात्र रात्र जागून काढलेली चित्रं. सगळे जमलेले असतात, समोर मोठा टीव्ही असतो, आणि आजच्या आज ती लावून बघायची घाई होते. त्या एका संध्याकाळी चित्रांचं जेवढं नुकसान होतं तेवढं आधीच्या पस्तीस वर्षांत झालेलं नसतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. टायमेक्स आणि डीबी स्पेक्ट्रम ही जोडी सोडली तर या मशीनचं आपसात फारसं जुळत नाही, आणि फाइलमध्ये चित्राचा एक भागच असतो. पिक्सेल किती रुंद, रंग कसा वाचायचा, बाजूची बॉर्डर कोणती, हे बरंचसं मशीनच्या व्हिडिओ चिपमध्ये राहून गेलेलं असतं. खालच्या बहुतेक चुका तो राहिलेला भाग विसरल्यामुळेच होतात.

फ्लॉपी हातात आली की लगेच ड्राइव्हमध्ये ढकलणं

ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बंद घरातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तशी ती फ्लॉपीच्या चुंबकीय थरावरही येते. बाहेरून कव्हर लख्ख दिसतं, म्हणून कुणी आत बघत नाही.

पेडण्याकडच्या एका घरात हेच झालं. भाच्याने यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह आणला आणि अमिगाच्या फ्लॉपी एकामागून एक लावून बघितल्या. प्रत्येक वेळी कर्रर्र आवाज आणि स्क्रीनवर एकच विचारणा: डिस्क फॉरमॅट करायची का? पहिल्या फ्लॉपीची बुरशी हेडवर चिकटली, आणि त्या मळक्या हेडने पुढच्या चांगल्या फ्लॉपीही खरवडल्या. शेवटी कंटाळून एका फ्लॉपीला त्याने ‘हो’ म्हटलं. नंतर डिस्क उजेडात धरल्या तेव्हा बाहेरच्या कडेला एक पारदर्शक कडं दिसत होतं. वरचा थर निघून नुसती फिल्म उरली होती. कडं नेमकं तिथेच का, तर पीसी पहिल्यांदा बाहेरचा शून्य नंबरचा ट्रॅक वाचायला जातो, आणि वाचता आला नाही की पुन्हा पुन्हा तिथेच घासतो. अमिगाची मूळ डिरेक्टरी डिस्कच्या मधोमध, ८८०व्या ब्लॉकवर असते. त्यामुळे बाहेरचा सिलिंडर (दोन्ही बाजूंचा एकेक ट्रॅक) गेला तरी २२ सेक्टर, म्हणजे ११ केबीच हातचे गेले, आणि उरलेली बरीच चित्रं नंतर निघाली. फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीतून एकही निघालं नाही.

मुळात तो यूएसबी ड्राइव्ह अमिगाची फ्लॉपी वाचूच शकत नव्हता. अमिगा एका ट्रॅकवर ११ सेक्टर सलग लिहितो आणि ८८० केबी बसवतो. ती मांडणी पीसीच्या कंट्रोलरला कळत नाही. अटारी एसटी या त्याच काळातल्या कॉम्प्युटरची ७२० केबीची फ्लॉपी मात्र पीसीवर बऱ्याचदा वाचता येते. या एका फरकामुळेच लोक फसतात: एकाची वाचली म्हणजे दुसऱ्याचीही वाचेल असं धरून चालतात.

आमची पद्धत सांगतो. आधी राइट प्रोटेक्ट. साडेतीन इंचीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी म्हणजे फ्लॉपी सुरक्षित. सव्वापाच इंचीचं उलट असतं, तिथली खाच चिकटपट्टीने बंद करायची. मग पत्र्याचं शटर सरकवून, मागची चकती बोटाने हळू फिरवत, टॉर्चच्या तिरक्या उजेडात दोन्ही बाजू बघा. पांढुरके ठिपके किंवा ढगाळ डाग दिसले तर ती फ्लॉपी बाजूला. तिचं कव्हर हलक्या हाताने उघडून डिस्क बाहेर काढा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या स्वच्छ कव्हरमध्ये घाला. जुन्या कव्हरच्या अस्तरातही बुरशी असते, ते पुन्हा वापरू नका. दर फ्लॉपीनंतर ड्राइव्हचे दोन्ही हेड त्याच अल्कोहोलने पुसायचे. कंटाळवाणं काम आहे, पण याला आडवाट नाही.

वाचायला साधा पीसीचा साडेतीन इंची ड्राइव्ह आणि ग्रीझवीझल नावाचा छोटा बोर्ड पुरतो. आधी चुंबकीय सिग्नलची कच्ची नोंद, म्हणजे फ्लक्स इमेज, जपून ठेवा, आणि तिच्यावरून एडीएफ, म्हणजे अमिगाच्या फ्लॉपीची फाइलरूपी नक्कल, बनवा. अमिगाची एडीएफ बरोबर ९,०१,१२० बाइटची असते. कमी भरली तर नोंद अर्धवट आहे.

पिक्सेल चौकोनीच असतो असं धरून चालणं

दुसरी चूक याच्याहून जास्त घरांत दिसते, आणि ती चूक आहे हेही कुणाला वाटत नाही. चित्र उघडतं, रंग दिसतात, सगळे खूश. पण चेहरे बसके, चाकं अंड्यासारखी, देवळाची दीपमाळ बुटकी.

३२० बाय २०० चं व्हीजीए (जुन्या पीसीवरचं) चित्र जुन्या मॉनिटरवर ४:३ च्या चौकटीत भरायचं. म्हणजे पिक्सेल रुंदीपेक्षा उंचीला जास्त, ५ ला ६ या प्रमाणात. तेच चित्र चौकोनी पिक्सेलने दाखवलं की ते चेपतं. एनटीएससी या अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या अमिगावर काढलेल्या ३२० बाय २०० चित्राचंही साधारण असंच. अचूक हिशोब ५ पट रुंद आणि ६ पट उंच असा निघतो, पण त्याचे १६०० बाय १२०० होतात आणि १०८० ओळींच्या टीव्हीवर ते मावत नाहीत. अशा टीव्हीवर ४ पट रुंद आणि ५ पट उंच करा: १२८० बाय १०००. रुंदी चार टक्के कमी पडते, डोळ्याला कळत नाही, आणि प्रत्येक पिक्सेल स्वच्छ कापल्यासारखा राहतो. फोरके टीव्ही असेल तर ५ आणि ६ बिनधास्त वापरा.

आपल्याकडची बहुतेक मशीन पॅल या टीव्ही पद्धतीची होती, तिथे जरा सुटका आहे. पॅल अमिगाचं ३२० बाय २५६ जवळपास चौकोनीच: सरळ ४ पट करा, १२८० बाय १०२४. स्पेक्ट्रमचं २५६ बाय १९२ पाच पट करा, १२८० बाय ९६०. कमोडोर ६४ च्या मल्टिकलर चित्रात १६० आडवे पिक्सेल असतात आणि प्रत्येक दुप्पट रुंद, म्हणून आडवं १० पट, उभं ५ पट. अटारीचं मध्यम रिझोल्यूशन ६४० बाय २०० हे सगळ्यांत जास्त फसवतं. जसंच्या तसं उघडलं की दाराच्या पट्टीसारखं लांबट दिसतं, आणि लोक समजतात की कलाकाराने तसंच काढलं होतं. ते २ पट रुंद, ४ पट उंच करा.

एक नियम मोडू नका: पट पूर्ण आकड्यातच, आणि मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’, म्हणजे शेजारच्या रंगांची सरमिसळ न करणारी पद्धत. गिम्पमध्ये इंटरपोलेशन ‘नन’ ठेवा, इमेजमॅजिकमध्ये ‘पॉइंट’ फिल्टर. साडेतीन पट केलं की काही पिक्सेल तीन ठिपक्यांचे आणि काही चारांचे होतात, आणि बारीक जाळीच्या छटांवर लाटा उमटतात. सरमिसळ करणारं बायक्यूबिक लावलं की सगळंच धूसर. ‘स्मूद केल्यावर छान दिसतं’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. ज्याने एकेक ठिपका हाताने बसवला त्याच्या कामावर असा बोळा फिरवायचा हक्क आपल्याला नाही.

रंग मळकट दिसले की जुनेपणाला दोष देणं

रंग जुने होत नाहीत, आकडा चुकीचा वाचला जातो. अमिगाचा प्रत्येक रंग ० ते १५ मध्ये मोजलेला असतो. कित्येक जुन्या फाइलमध्ये तो वरच्या चार बिटांत लिहिलेला आणि खालचे चार रिकामे असतात. त्यामुळे पांढरा २५५ ऐवजी २४० येतो, आणि सगळं चित्र धुरकट. मूळ आकड्याला १७ ने गुणा, १५ गुणिले १७ म्हणजे २५५. व्हीजीएच्या ० ते ६३ ला नुसतं ४ ने गुणलं तर २५२ वर थांबतं. २५५ ने गुणून ६३ ने भागायला हवं. ब्राइटनेस वाढवून हे झाकू नका, त्याने काळा रंगही उजळतो.

अमिगाचं चित्र आडव्या फराट्यांनी भरलेलं दिसलं तर फाइल बिघडली असं लगेच ठरवू नका. सहा बिटप्लेनचं (प्रत्येक पिक्सेलला सहा बिटांचं) चित्र हॅम असू शकतं किंवा हाफब्राइट; दोन्ही अमिगाचे रंग दाखवायचे मोड. हॅममध्ये पिक्सेल डावीकडच्या शेजाऱ्याचा रंग घेऊन त्यातला लाल, हिरवा किंवा निळा एवढाच बदलतो. मोड सांगणारा सीएएमजी हा तुकडा फाइलमधून गळला असेल तर व्ह्यूअर अंदाज करतो आणि चुकतो. पॅलेटमध्ये १६ रंग असतील तर बहुधा हॅम, ३२ असतील तर हाफब्राइट. मोड हाताने निवडा.

‘फाइल उघडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी साइज बघावी

एक्स्टेन्शन बदलून, पाच वेबसाइटवर चढवून, मग मदत मागायची ही सवय सोडा. फाइलची साइज बाइटमध्ये बघायला दहा सेकंद लागतात. स्पेक्ट्रमचा पडदा बरोबर ६९१२ बाइटचा: ६१४४ चित्राचे, ७६८ रंगांचे. ७०४० दिसले तर पुढे १२८ बाइटचं हेडर आहे, ते कापा. कमोडोरचं कोआला चित्र १०,००३. अटारीचं डेगास ३२,०३४, निओक्रोम ३२,१२८ (कोआला, डेगास, निओक्रोम ही तेव्हाच्या चित्रं काढायच्या प्रोग्रामची नावं). एमएसएक्सच्या फाइलला पुढे सात बाइटचं हेडर असतं. आकडा जुळला की रिकॉइल हे मोफत सॉफ्टवेअर यातलं जवळजवळ सगळं उघडतं आणि पीएनजी करून देतं. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा, पीएनजी ही फक्त दाखवायची प्रत.

स्पेक्ट्रमच्या फाइलमध्ये बॉर्डरचा रंग नसतो. तो कलाकाराला विचारा, ते शक्य नसेल तर काळा ठेवा.

आता बाकीचं भराभर. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, जेपीईजी होऊन प्रत्येक कडेभोवती कचरा येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जुन्या टीव्हीवर चित्र लावून मोबाइलने फोटो काढणं ही आठवण झाली, प्रत नव्हे. रंग फिरवून पाणी वाहतं दाखवणारी अमिगाची चित्रं पीएनजीत गोठतात, ती एम्युलेटरवरच, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवरच, दाखवा. स्वस्तातली एव्ही टू एचडीएमआय डबी जुन्या मशीनचा सिग्नल इंटरलेस्ड (एका आड एक ओळ पाठवणारा) समजते, कडा दातेरी करते आणि बऱ्याचदा चित्र १६:९ ला ताणतेही. मूळ मशीनच लावायचं असेल तर आरजीबी केबल आणि ओएसएससीसारखा लाइन डबलर (प्रत्येक ओळ दुप्पट करून टीव्हीला देणारी डबी) घ्या, नाहीतर थांबा.

मशीन चालू करण्याआधी दोन तपासण्या. कमोडोर ६४ चा जुना अडॅप्टर बिघडला की पाच व्होल्टच्या तारेवर जास्त दाब सोडतो आणि रॅमच्या चिप जळतात. मल्टिमीटरवर ५.२ च्या वर दिसलं तर तो अडॅप्टर वापरू नका. अमिगा ५०० मध्ये रॅमचं जादा कार्ड असेल तर त्यावरची बॅटरी गळली आहे का बघा. हिरवट पूड दिसली तर वीज देऊ नका.

टीव्हीचं सेटिंग शेवटी करतात आणि तिथेच घाई होते. पिक्चर साइज ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘१:१’ करा, नाहीतर टीव्ही चारी कडा कापतो. एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ नाव द्या. बऱ्याच टीव्हींवर त्यानेच रंगांची पूर्ण बारकाई मिळते, नाहीतर लाल-निळ्याची जाळी फिसकटते. मोशन स्मूदिंग आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. शार्पनेस कमी करत जा आणि कडांभोवतीची पांढरी रेघ गेली की थांबा. टीव्हीच्या स्वतःच्या यूएसबी फोटो प्लेअरवर विसंबू नका, तो चित्र आपल्या मनाने मोठं करतो. लॅपटॉप जोडा, रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आणि विंडोजचं स्केलिंग १०० टक्के ठेवा. १२५ टक्क्यांवर राहिलं तर वर केलेली सगळी मेहनत धूसर होते.

काम झालं की फ्लॉपी परत माळ्यावर टाकू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. तांदूळ नको, आणि डांबरगोळ्या तर अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की १२० अंशांवर ओव्हनमध्ये वाळवून परत घाला, आणि पावसाळ्यात डबा दर महिन्याला बघा. एसीच्या खोलीतून फ्लॉपी बाहेर नेताना पिशवीत बंद ठेवा आणि ती बाहेरच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. नाहीतर थंड डिस्कवर दव धरतं, आणि बुरशी परत तिथूनच सुरू होते.