कोबॉट घेताय? मग या चुका टाळा

बजाज ऑटोने चाकणला २०१० पासूनच कोबॉट, म्हणजे माणसाशेजारी काम करणारे रोबोटचे हात, लावायला सुरुवात केली, आता भोसरी-चाकणचे छोटे व्हेंडरही विचारायला लागलेत, आणि ते चांगलंच आहे. पण डेमो बघून ऑर्डर देऊ नका, डेमोतला जॉब (म्हणजे मशीनवर लावायचा पार्ट) स्वच्छ असतो आणि तुमचा कूलंटमध्ये (कटिंगच्या तेल-पाण्यात) बुडालेला असतो.

सगळ्यात जास्त त्रास सीएनसी लोडिंगला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनमध्ये जॉब लावायला, होतो. ऑपरेटर जॉब लावताना चकच्या जॉवर (जॉब धरणाऱ्या पकडीच्या दातांवर) अडकलेली चिप, म्हणजे धातूचा कीस, सहज झटकतो, ते कुठल्याच एसओपीत (कामाच्या लेखी पद्धतीत) लिहिलेलं नसतं, कोबॉटला मात्र ती दिसत नाही, मग जॉब तिरका बसतो, रिजेक्शन येतं आणि सगळे प्रोग्रामला शिव्या घालतात. लोडिंगच्या आधी एअर ब्लो द्या, जॉब बसला की नाही ते तपासणारा सेन्सर लावा. आणि प्रोग्राम करण्याआधी त्या ऑपरेटरच्या शेजारी पूर्ण शिफ्ट उभं राहून त्याचे हात बघा, हे कोणी करत नाही आणि नेमकं तिथेच अडतं.

दुसरं पेलोड, म्हणजे कोबॉट किती वजन उचलतो ते. ५ किलोचा कोबॉट म्हणजे ग्रिपर (जॉब पकडणारा पंजा) धरून ५ किलो! डबल ग्रिपरच दोन किलोचा असला तर जॉबला तीनच उरले. मध्येच प्रोटेक्टिव्ह स्टॉप येत असेल, म्हणजे कोबॉट सुरक्षेसाठी आपोआप थांबत असेल, तर आधी पेलोड आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीचं सेटिंग बघा, जॉब उचलल्यावर आणि सोडल्यावर ते बदलतंय का तेही बघा. स्टॉप येतो म्हणून सेफ्टी लिमिट वाढवून ठेवणं हा उपाय नाही, कृपा करून असं करू नका.

कोबॉट आहे म्हणजे फेन्सिंग (भोवतीचं कुंपण) नकोच, हा समज तर धोकादायक आहे. कोबॉटचा हात सेफ असेल हो, पण त्या हातात धारदार पत्रा असेल तर? कोबॉटच्या सुरक्षेसाठीच्या २०१६ च्या आयएसओ/टीएस १५०६६ या आंतरराष्ट्रीय दस्तऐवजात शरीराच्या कुठल्या भागाला किती धक्का चालेल याच्या मर्यादा दिल्यात, त्यामुळे रिस्क असेसमेंट ग्रिपर, जॉब, टेबल सगळं धरून करायचं. माणसाशेजारी चालवायचा तर स्पीड कमी ठेवावा लागतो, म्हणून सायकल टाइमचा (एका जॉबला लागणाऱ्या वेळेचा) हिशोब त्याच स्पीडवर करा, फुल स्पीडवर केलेला कागदावरच राहतो.

व्हॅक्यूम ग्रिपर जॉब सोडत असेल तर एअर लाइनमधलं पाणी आणि तेल बघा, सक्शन कप घासलाय का बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आणि माणसं. मशीन आली की पहिला प्रश्न "आमचं काय होणार?" हाच असतो, आणि तो रास्त आहे, त्याचं खरं उत्तर मशीन यायच्या आधी द्यायला हवं. टीच पेंडंट (कोबॉटला शिकवायचा हातातला स्क्रीन) एकट्या इंजिनिअरच्या कपाटात बंद नको. प्रत्येक शिफ्टच्या दोन ऑपरेटरना तरी स्टॉप क्लिअर करणं, पॉइंट (हाताने कुठे जायचं त्या जागा) परत शिकवणं आलं पाहिजे, नाहीतर रात्री तीनला लाइन थांबली की सकाळपर्यंत थांबलेलीच राहते.