गिटार शिकताना पहिली गाणी कशी निवडायची

"तीनच कॉर्डचं गाणं आहे, सोपं आहे" एवढं ऐकून एखादं गाणं शिकायला घेतलं जातं आणि दहा दिवसांत ते बाजूला पडतं. कॉर्ड (एकदम वाजवायचा स्वरांचा गट) तीनच असतात, त्यात खोटं काही नाही. पण त्या इतक्या भराभर बदलतात की बोटं पुढच्या कॉर्डवर पोचायच्या आत गाणं एक ओळ पुढे गेलेलं असतं. नवशिक्याच्या हाताला गाणं झेपेल की नाही, हे मुख्यतः एका कॉर्डवरून दुसरीवर जायला किती वेळ मिळतो यावर ठरतं. हा वेळ गाणं शिकायला घेण्याआधीच मोजता येतो.

बदलांचा हिशेब

गाणं लावा आणि पायाने ठेका धरा. पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजून चारने गुणा, म्हणजे मिनिटाला किती मात्रा ते कळेल. मग एक कॉर्ड किती मात्रा टिकते ते ऐका. शब्दांकडे लक्ष न देता खालचा बेस ऐकला, तर तो कुठे हलतो ते पटकन समजतं. आता मात्रांच्या संख्येला कॉर्डच्या मात्रांनी भागा. येणारा आकडा म्हणजे मिनिटाला करावे लागणारे बदल.

समजा दोन गाण्यांत जी, डी, ई मायनर आणि सी याच चार कॉर्ड आहेत. पहिल्याचा वेग ७२ आहे आणि प्रत्येक कॉर्ड चार मात्रा चालते, म्हणजे मिनिटाला १८ बदल. दुसऱ्याचा वेग १३२ आणि कॉर्ड दोनच मात्रांची, म्हणजे ६६ बदल. कागदावर दोन्ही गाणी सारखीच दिसतात, पण पहिलं दोन-तीन आठवड्यांत बसू शकतं आणि दुसऱ्याला कित्येक महिने लागू शकतात.

यानंतर स्वतःचा हात मोजा. घड्याळात एक मिनिट लावा, गाण्यातल्या दोन कॉर्ड घ्या, प्रत्येकीवर एकदाच स्ट्रोक मारायचा आणि लगेच दुसरीवर जायचं. तार खरखरली किंवा मुकी राहिली तर तो बदल धरू नका. गाण्यात ज्या ज्या जोड्या येतात त्या सगळ्या अशा मोजा, कारण गाणं सर्वांत मंद जोडीपाशीच अडतं. तुमचा आकडा गाण्याच्या आकड्याच्या साधारण दीडपट असावा. १८ बदलांच्या गाण्याला २७ च्या आसपास. एवढी सवड ठेवायची कारण प्रत्यक्ष वाजवताना उजवा हात, ठेका आणि गायचं असेल तर शब्द, हे सगळं लक्ष खात असतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे सरासरी काढणं. पुष्कळ गाण्यांत ओळभर एकेक कॉर्ड चार मात्रा चालते आणि ओळीच्या शेवटी अचानक दोन-दोन मात्रांच्या दोन कॉर्ड येतात. हिशेब त्या शेवटच्या तुकड्याचा करायचा.

कोणत्या जोड्या हाताला सोप्या

दोन कॉर्डमध्ये एखादं बोट जागचं हलत नसेल तर बदल निम्म्याने हलका होतो. सी वरून ए मायनरवर जाताना तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आणि मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तसंच राहतं. फक्त अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उठून तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर येते. (पहिली तार म्हणजे सर्वांत बारीक. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या दोन दांड्यांमधली जागा.) तरीही नवशिके तिन्ही बोटं उचलून पुन्हा ठेवतात आणि हा बदल उगाच अवघड करून घेतात.

ई मेजर आणि ए मायनर यांचा आकार एकच आहे, तो अख्खा एका तारेने सरकतो. ई मायनर तर्जनी आणि मधल्या बोटाने धरला तर जी वर जाताना तर्जनी पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तशीच ठेवता येते. आणि जी, सी, डी च्या गाण्यांसाठी चार बोटांचा जी शिकून घ्यावाच: मधलं बोट सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, तर्जनी पाचव्याच्या दुसऱ्यावर, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर. आता मधलं बोट आणि तर्जनी एकेक तार खाली, पाचव्या-चौथ्या तारेवर सरकवली की सी ॲड नाइन तयार, आणि बहुतेक गाण्यांत तो साध्या सी च्या जागी चालतो. डी मध्येही अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच असते. म्हणजे तिन्ही कॉर्डमध्ये एक बोट खुंटीसारखं रोवलेलं राहतं. पहिली दोन-तीन गाणी अशा जोड्यांचीच घ्या.

एफ आणि बी मायनर

अनेक गाणी या दोन कॉर्डपाशी अडतात, कारण दोन्हींच्या पूर्ण आकारात तर्जनी अनेक तारांवर आडवी दाबावी लागते. पहिल्या तीन महिन्यांत सबंध गाणं अशा आडव्या तर्जनीच्या, म्हणजे बार कॉर्डवर चालणारं असेल तर ते घेऊच नये. अंगठ्याचा सांधा दुखायला लागतो, त्या भरात मनगट वाकडं होतं आणि मग ती सवय सुटत नाही. पण चार कॉर्डपैकी एकच एफ असेल तर गाणं टाकून द्यायचं कारण नाही. एफ मेजर सेव्हन वापरा: चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट, तिसरीचा दुसरा, दुसरीचा पहिला, पहिली तार मोकळी. गाण्याचा सूर नेमका एफ वर रेंगाळत असेल तर ती मोकळी तार किंचित खटकते. तेवढ्या ठिकाणी पहिली तार वाजवू नका.

बी मायनरसाठी बी मायनर सेव्हन आहे: पाचव्या, तिसऱ्या आणि पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट, चौथी आणि दुसरी तार मोकळी, सहावी वाजवायची नाही. तीन बोटांत काम होतं आणि ऐकणाऱ्याला सहसा फरक जाणवत नाही.

पट्टी आणि कॅपो

गाण्याच्या कागदावर बी फ्लॅट, एफ, जी मायनर, ई फ्लॅट दिसलं की घाबरून पान उलटू नका. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या फ्रेटवर लावा आणि जी, डी, ई मायनर, सी वाजवा. आवाज तोच येतो. प्रत्येक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर, एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं मोजता येतं. काळी एकमध्ये (म्हणजे सी शार्पच्या पट्टीत) गायचं असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी च्या पट्टीतल्या कॉर्ड वाजवायच्या. बी मायनर, जी, डी, ए असलेलं गाणं सातव्या फ्रेटवरच्या कॅपोने ई मायनर, सी, जी, डी होतं. मात्र तिथे फ्रेट अरुंद होतात आणि आवाज बारीक वाटतो. मूळ गाण्यासोबत वाजवायचं नसेल तर त्याच कॉर्ड दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून वाजवा आणि गळ्याला कुठे बसतं ते बघा.

गळ्याची परीक्षा घ्यायला गाण्यातली सर्वांत उंच ओळ गुणगुणा. बहुधा ती अंतऱ्यात असते, म्हणून मुखड्यावरून पट्टी ठरवणारा अंतऱ्यात फसतो. कॅपो फ्रेटच्या दांडीला चिकटून, किंचित मागे लावा. दोन दांड्यांच्या मधोमध लावला तर तारा खरखरतात किंवा बेसूर होतात.

कॉर्ड बरोबर आहेत, गिटार सुरात आहे, तरी मूळ गाण्याशी काही केल्या जुळत नाही, असंही घडतं. काही ध्वनिमुद्रणांत गिटारच्या सहाही तारा अर्धा स्वर खाली उतरवलेल्या असतात. काही जुन्या मुद्रणांची पट्टी टेपच्या वेगामुळे दोन स्वरांच्या मध्ये कुठेतरी पडते. पहिल्या प्रकारात तारा अर्धा स्वर उतरवा. दुसऱ्या प्रकारचं गाणं सुरुवातीला सोबत वाजवण्यासाठी निवडू नये, कान उगाच गोंधळतो.

ठेका ऐकून घ्या

सुरुवातीला चार मात्रांचा सरळ ठेका किंवा 'एक-दोन-तीन, चार-पाच-सहा' असा सहाचा झोका, एवढंच पुरे. केरवा आणि दादरा कानात असलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. वेग ६० ते ९० च्या दरम्यानचा बरा. फार संथ गाणंही फसवतं: ५० च्या वेगात दोन ठोक्यांमधलं अंतर सांभाळणं नवशिक्याला जड जातं आणि हात नकळत पुढे धावतो.

एक गोष्ट टाळ्या वाजवत तपासा. कॉर्ड टाळीवर बदलते की दोन टाळ्यांच्या मध्ये? पुष्कळ नव्या गाण्यांत कॉर्ड पुढच्या आवर्तनाच्या अर्धी मात्रा आधीच येते. ऐकताना ते मस्त वाटतं, पण वाजवणारा नवखा कायम उशिरा पोचतो आणि आपला हात मंद आहे असं समजतो. अशी गाणी चौथ्या-पाचव्या क्रमांकाला ठेवा.

मूळ गाण्यातल्या स्ट्रमिंगची, म्हणजे तारांवरून हात फिरवण्याच्या ढंगाची, नक्कल मात्र पहिल्या दिवसापासून करायची नाही. आधी प्रत्येक मात्रेला एक खालचा स्ट्रोक, तो पक्का झाला की खाली-वर असे आठ स्ट्रोक. या आठांतला शेवटचा वरचा स्ट्रोक मोकळ्या तारांवर पडला तरी चालतो. डावा हात त्या क्षणी उचलून पुढच्या कॉर्डकडे निघतो, आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, उलट गाणं वाहतं राहतं. बदलासाठी उजवा हात थांबवायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो.

जे गाणं गिटारचं नाही

आवडतं म्हणून निवडलेल्या गाण्यात गिटार ऐकूच येत नसेल, सगळी मजा कीबोर्ड, तालवाद्यं आणि वाद्यवृंदाची असेल, तर एकट्या गिटारवर ते उघडं पडतं. कॉर्ड अचूक असूनही 'हे ते गाणं वाटत नाही' अशी खंत राहते. एका गिटारवर किंवा नुसत्या टाळीवर गायलं तरी उभं राहील असं गाणं शोधा. शेवटच्या मुखड्याला पट्टी वर चढते का, हेही ऐका. चढत असेल तर सगळ्या कॉर्ड बदलतात. अशा वेळी चढण्याआधीच गाणं संपवायचं ठरवून घ्यावं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बोटांची टोकं मऊ असतात. तेव्हा कॉर्डच्या गाण्याबरोबर एकाच तारेवर वाजणारी एखादी ओळखीची धून जरूर घ्या. बोटांना विश्रांती मिळते आणि फ्रेटवरची अंतरं डोळ्यांना कळायला लागतात.

कॉर्डचा कागद तपासणं

नेटवर मिळणारे कॉर्डचे कागद बऱ्याचदा चुकलेले असतात, म्हणून एकाच गाण्याचे दोन-तीन ताडून बघा. वर कॅपोचा उल्लेख आहे का ते आधी पाहा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. कॉर्ड ज्या अक्षरावर लिहिली आहे तिथेच बदलायची असते, पण मजकूर कॉपी करताना जागा सरकतात. म्हणून गाणं ऐकत ऐकत स्वतःच्या हाताने कॉर्ड पुन्हा लिहून काढा.

नऊ-दहा कॉर्डचा कागद पुष्कळदा चार-पाचवर आणता येतो. जी सेव्हनच्या जागी जी, डी सस फोरच्या जागी डी, तिरप्या रेषेनंतर वेगळा बेस लिहिला असेल तर रेषेआधीची कॉर्ड. एवढी सूट बहुतेक ठिकाणी खपते. मायनरचा मेजर करणं मात्र खपत नाही, आणि डिमिनिश्ड कॉर्ड वगळली की ती जागा भुंडी वाटते.

एका वेळी किती

तीन. एक येत असलेलं, हात गरम करायला. एक चालू असलेलं, ज्यात नवीन गोष्ट एकच असेल: नवी कॉर्ड, किंवा नवा ठेका, किंवा गात वाजवणं. आणि तिसरं, मनापासून हवं असलेलं पण आज न झेपणारं. त्याच्या फक्त पहिल्या आठ मात्रा, रोज पाच मिनिटं. चालू गाण्याला रोज वीस मिनिटं द्या, त्यातली दहा अडणाऱ्या दोन कॉर्डवरच. मूळ गाणं ०.७५ वेगाने लावलं की १०० चा वेग ७५ होतो. पट्टी न बदलता वेग कमी करणारी सोय बहुतेक प्लेअरमध्ये असते.

दोन आठवडे नियमित वाजवूनही एक मिनिटाचा आकडा वाढला नाही तर गाणं बाजूला ठेवा आणि त्यातली अडणारी जोडी असलेलं दुसरं, संथ गाणं घ्या. महिन्याभराने पहिल्याकडे परत या. गाणं बसलं असं केव्हा म्हणायचं? कागद न बघता, मूळ वेगात, मुद्रणासोबत, सलग तीन वेळा न थांबता वाजलं की. चूक झाली तरी चालेल, हात थांबता कामा नये. तोवर नवं गाणं उघडायचं नाही.