चांदबिबीच्या गोष्टी कशा पारखायच्या

नगरला कुणी पाहुणा आला की डोंगरावरचा ‘चांदबिबीचा महाल’ दाखवायला मलाच पिटाळतात. वर पोचलं की मी पाहुण्याला आधी तळघरात नेतो. तिथं कबरी आहेत. महालात कबरी कशाला असतील? हा मकबरा आहे, मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याचा. तेव्हा वास्तूचं नाव ऐकून हुरळू नका, ती बांधली कशासाठी ते आधी बघा.

मग विचारा, गोष्ट लिहिली कुणी? १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंगानं नगरच्या किल्ल्याचा तट उडवला, तेव्हा निजामशाहीचा कारभार सांभाळणाऱ्या चांदबिबी बाई तोंडावर पडदा घेऊन, नंगी तलवार उपसून खिंडारात उभ्या राहिल्या आणि रातोरात तट बुजवून घेतला, असं फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. माणूस त्याच काळातला, म्हणजे वजनदार साक्षीदार. पण त्याचा धनी विजापूरचा इब्राहिम आदिलशहा, आणि त्याला लहानपणी सांभाळलं चांदबिबीनं. तो तिच्या नवऱ्याचा पुतण्या. धन्याच्या काकूबद्दल कोण वाकडं लिहील? म्हणून फिरिश्त्यासमोर मोगलांचा इतिहासकार अबुल फजल ठेवायचा. किल्ला शाहजादा मुरादच्या हाती लागला नाही, पण तहात वऱ्हाड द्यावं लागलं, इथं दोघांचं जमतं. वऱ्हाडाचा भाग आपल्या भाषणांतून मात्र हमखास गळतो.

तोफगोळे संपल्यावर बाईंनी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी डागली आणि शेवटी जडजवाहीरही, ही गोष्ट मला फार आवडते. तेवढ्यासाठीच तिच्यावर संशय घ्या. इतका बेतशीर चढता क्रम लढाईत नसतो, कीर्तनात असतो.

दंतकथा कुणाची सोय करते, हेही बघायचं. बाईंनी तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली असं सांगितलं की कुणावरच ठपका येत नाही. फिरिश्ता वेगळंच सांगतो. १६०० मध्ये शाहजादा दानियालचा वेढा पडला होता. किल्ला टिकत नाही हे ओळखून बाई तहाचा विचार करत होत्या. तेवढ्यात किल्ल्यात ओरड झाली की बाई मोगलांना फितूर आहेत, आणि आपल्याच लोकांनी महालात घुसून त्यांना मारलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्टमध्ये, मोगलांनी किल्ला घेतला.