जलपर्णी काढण्याआधी मांडायचे गणित

१८९१ साली बांधलेल्या पवई तलावासारख्या जलाशयातून जलपर्णी काढायची असेल, तर यंत्र किती दिवस चालवायचे यापेक्षा ते कधी उतरवायचे, याचा हिशेब आधी करावा. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर पोसते आणि अनुकूल काळात साधारण पंधरवड्यात दुप्पट होते.

वाढीचा दर मात्र आपल्याच तलावात मोजावा. एक चौरस मीटरची बांबूची तरंगती चौकट करून तीत पाणी निथळून तोललेली दोन किलो रोपे सोडावीत. आठवड्याने वजन २.८ किलो भरले, तर १.४ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला ७ ने भागून रोजचा दर सुमारे ०.०५ येतो. व्यापलेले क्षेत्र सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रांवरून काढावे. त्यातील दहा मीटरचे शंभर चौकोन म्हणजे एक हेक्टर. पावसाळ्यात ढग आड येतात, तेव्हा होडीतून फिरून नकाशावर कडा आखण्याला पर्याय नाही.

आता एक्सेलमध्ये रोजची एक ओळ मांडावी: आजचे क्षेत्र, अधिक ०.०५ × आजचे क्षेत्र × (१ − आजचे क्षेत्र ÷ कमाल क्षेत्र), वजा रोज काढलेले क्षेत्र. समजा, जलपर्णी जास्तीत जास्त ४० हेक्टर पसरू शकते आणि यंत्र रोज ०.४ हेक्टर काढते. सुरुवात ४ हेक्टरवर झाली, तर सुमारे पंधरवड्यात काम संपते. २० हेक्टरवर झाली, तर रोजची वाढ ०.५ हेक्टर असल्याने यंत्र चालू असूनही पसारा वाढत जाऊन २९ हेक्टरच्या आसपास स्थिरावतो. रोजची वाढ आणि रोजची काढणी जिथे बरोबरीत येते, ती सीमारेषा सुमारे ११ हेक्टरची आहे, आणि ती ओलांडल्यावर त्याच यंत्राचे दिवस वाढवणे म्हणजे, माझ्या मते, निव्वळ डिझेल जाळणे होय. तिथे दुसरे यंत्रच हवे.

मोजलेला दर कमी निघाला असू शकतो, म्हणून दर ०.०७ धरून तोच तक्ता पुन्हा चालवावा. सीमारेषा ७ हेक्टरवर घसरते, म्हणून काम या कमी आकड्याच्या आतच सुरू करावे. उपसलेला ढीग काठावर राहिल्यास पावसाने तो परत पाण्यात जातो, तेव्हा तलावापासून दूर हलवलेलेच क्षेत्र वजा धरावे. बिया गाळात अनेक वर्षे तग धरतात. त्यामुळे क्षेत्र शून्य झाल्यावरही तक्ता बंद न करता दर आठवड्याची पाहणी त्यात नोंदवत राहावी.