बोलून मराठी टाइप करायचंय? मग वाक्य क्रियापदापर्यंत न्यायला शिका

गेली पाच-सहा वर्षं मी सोसायटीच्या नोटिसा, मीटिंगची इतिवृत्तं, गावच्या जमिनीच्या कागदांबद्दल काकांना पाठवायचे लांबलचक मेसेज, सगळं बोलूनच लिहितेय. मनगट दुखायला लागलं म्हणून सुरुवात केली, आता मनगट बरं आहे तरी बोटांकडे परत जावंसं वाटत नाही. गुगलने मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ च्या ऑगस्टमध्ये आणलं, म्हणजे काही कालची गोष्ट नाही, तरी ओळखीतलं कुणी ना कुणी भेटतंच, "छे, मराठीत ते काहीच्या बाही लिहितं, मी सोडून दिलं." मग विचारलं की बाबा रे तू बोललास कसा, तर उत्तर ठरलेलं, एकेक शब्द सुटा करून, सावकाश, स्क्रीनकडे बघत. हा सल्ला कुणी पसरवला माहीत नाही, पण साफ चुकीचा आहे आणि त्यानेच लोक पहिल्या दोन दिवसांत कंटाळतात.

आधी सोपं उरकून घेऊ. फोनवर जीबोर्ड, म्हणजे गुगलचा कीबोर्ड, असेल तर सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी घाला, देवनागरीवालं, आणि स्पेसबार दाबून धरून ते निवडलंय ना हे माइक दाबायच्या आधी बघा. हिंदी निवडलेलं राहिलं तर तुमचं मराठी ते हिंदीच्या कानाने ऐकणार आणि नको ते शब्द लिहिणार, मग दोष मराठीला. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग, माइकच्या वरच्या यादीतून मराठी. कंट्रोल-शिफ्ट-एस दाबलं तरी तेच उघडतं. पंखा कमी करा, टीव्ही बंद करा, फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा म्हणजे प, फ, भ म्हणताना फुंकर थेट माइकवर बसत नाही. झालं, तयारी एवढीच.

आता खरी अडचण. मी स्वतः जवळपास दोन महिने इथेच अडकले होते म्हणून जरा सविस्तर सांगते.

टाइप करताना आपण अर्धं वाक्य लिहितो, थांबतो, मागे जातो, शब्द बदलतो. ती सवय घेऊन बोलायला गेलं की "शनिवारी... टाकी... म्हणजे..." असं होतं, आपण विचार करत गप्प बसलो की माइक आपोआप बंद पडतो, आणि वाक्याचे तुकडे तेवढे स्क्रीनवर राहतात. शब्द तोडून बोललात तर आणखी वाईट, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. "पुण्याला" हे एका दमात म्हटलं तर बरोबर येतं, "पुण्या" म्हणून थांबून "ला" म्हटलं की ते दोन वेगळे शब्द लिहितं. एकदा मी मुद्दाम सावकाश बोलून बघितलं, तर "सभासदां नी पार्किंग च्या जागे त" असं आलं, तीन शब्दांत तीन जखमा. तेच वाक्य शेजारणीशी बोलावं तसं बोलले आणि एकही जागा दुरुस्त करावी लागली नाही.

दुसरं म्हणजे तुम्ही बोलत असताना स्क्रीनवरचे आधीचे शब्द मागे जाऊन बदलतात, ते कधी नीट बघा. "मन" ऐकलं की "मण" हे पुढचे शब्द आल्यावर ठरतं, "दोन मण ज्वारी" पूर्ण म्हटलंत तर त्याला संदर्भ मिळतो, "दोन मण" वर थांबलात तर त्याच्या हातात काहीच नसतं. म्हणून मधेच चूक दिसली की माइक बंद करून दुरुस्त करायला धावू नका, ती चूक कदाचित तुमच्या क्रियापदाची वाट बघत असेल.

म्हणून माझा नियम एकच, आणि तो मी कुणालाही सोडू देत नाही. वाक्य आधी मनात क्रियापदापर्यंत न्या, मग तोंड उघडा, एका दमात बोला, आणि क्रियापद झाल्यावरच थांबा. थांबायचंय तर दोन वाक्यांच्या मधे, वाक्याच्या पोटात नाही. माइक बंद पडला तर पडू दे, पुढचं वाक्य तयार झालं की परत दाबा. आणि बोलताना स्क्रीनकडे बघू नका, खिडकीबाहेर बघा. मला कुणीतरी समोर लागतं, म्हणून नोटीस असली तरी मी ती मनातल्या मनात माझ्या आत्याला सांगते, आत्याला सांगताना वाक्य आपोआप पुरं होतं कारण अर्धवट बोललं की ती लगेच "म्हणजे काय?" विचारते. पहिला आठवडा अर्ज-बिर्ज काही बोलू नका, काल बाजारात काय झालं, गाडी का चुकली, असं जे आधीच कुणाला तरी तोंडी सांगून झालंय तेच परत बोला. वाक्यं तयार असतात, लक्ष फक्त बोलण्यावर राहतं.

आता क्रियापदाच्या पुढचा धोका. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो. "येणार नाही", "करू नका", "मिळालं नाही". वाक्य संपलं असं वाटून आपण घाईने माइक बंद करतो आणि नेमका तो शेवटचा शब्द कापला जातो. टाकी धुवायच्या आदल्या दिवशी मी ग्रुपवर टाकलं होतं, "उद्या सकाळी दहानंतर पाणी येणार नाही", आणि पोचलं काय तर "उद्या सकाळी दहानंतर पाणी येणार". मी न वाचता पाठवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पाणी भरून ठेवलं नाही, दुपारी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "अगं, तूच लिहिलं होतंस ना येणार म्हणून?" रागावल्या नाहीत, पण ऐंशीच्या बाईला मी खालून बादली आणायची वेळ आणली याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून शेवटचा शब्द स्क्रीनवर उमटून स्थिर झाल्याशिवाय माझं बोट माइककडे जात नाही, आणि पाठवण्याआधी प्रत्येक वाक्याचं शेपूट मोठ्याने वाचते. बाकीचं वाचायला वेळ नसला तरी शेपटं वाचाच.

विरामचिन्हांसाठी एक साधा उपाय. माझ्याकडे मराठीत "पूर्णविराम" म्हटलं की तो शब्दच लिहिला जातो, टिंब येत नाही. मी त्याच्याशी भांडत नाही, उलट प्रत्येक वाक्यानंतर "पूर्णविराम" असं स्पष्ट म्हणते आणि सगळं बोलून झालं की डॉक्समध्ये कंट्रोल-एच दाबून, आधीच्या मोकळ्या जागेसकट तो शब्द टिंबाने बदलून टाकते, एका क्लिकमध्ये पानभर टिंबं. स्वल्पविराम मात्र हातानेच देते. ते कुठे हवेत हे वाचतानाच कळतं.

इंग्रजी शब्द आपण रोज बोलतो तसे मराठी वळणाने बोला, "मीटिंग", "लिफ्ट", "मेंटेनन्स", बहुतेक वेळा देवनागरीतच येतात. आडनावं आणि गावांची नावं एकदा नजरेखालून घालाच.

आकडे मात्र बोलून लिहू नका, यावर माझं मत पक्कं आहे. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे माणसालाही फोनवर दोनदा विचारावे लागतात, आणि "दीडशे", "अडीच हजार" कधी अक्षरात येतं, कधी आकड्यात. मी बोलताना त्या जागी "रक्कम" एवढाच शब्द म्हणते, फ्लॅट नंबर, तारीख, पैसे सगळीकडे हीच पद्धत, आणि शेवटी पावतीपुस्तक शेजारी उघडं ठेवून एकेक आकडा बोटाने भरते.