एसडीआरवर ड्रोन पकडायचाय? आधी अँटेना काढून बघा

प्रोजेक्ट असा: एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ रिसीव्हर, हवेतले सिग्नल ऐकणार आणि आसपास ड्रोन आहे का ते मशीन लर्निंगचं मॉडेल सांगणार, सगळं एका छोट्या डब्यात. फायनल रिव्ह्यूला तीन दिवस होते आणि मी सहज म्हणून हॅकआरएफचा (हा आमचा एसडीआर) अँटेना काढून तिथे ५० ओमचं टर्मिनेटर लावलं. म्हणजे आता बाहेरचं आत काही येत नाही, नुसती रिसीव्हरची स्वतःची खरखर. स्क्रीनवर काय, तर "ड्रोन, ०.९७", म्हणजे मॉडेलला ९७ टक्के खात्री. पोटात गोळाच आला.

ह्यात नवीन उतरणाऱ्यांसाठी लिहितोय, एफएफटी, वॉटरफॉल वगैरे येतं असं धरून. हार्डवेअरचं पटकन सांगतो. आरटीएल-एसडीआरचं नेहमीचं डोंगल साधारण १.७ गीगाहर्ट्झपर्यंतच जातं आणि ड्रोन बोलतात २.४ नि ५.८ वर, तेव्हा स्वस्त म्हणून ते घेऊ नका (मी घेतलं होतं). हॅकआरएफ ६ गीगापर्यंत जातो पण ८ बिटचा आहे आणि इनपुटला उणे ५ डीबीएमच्या वरची ताकद सोसत नाही, त्यामुळे ड्रोनचा रिमोट अँटेनाला चिकटवून टेस्ट करायची हौस नको, आतला अ‍ॅम्प्लिफायर उडतो. सेकंदाला २० मेगासॅम्पलने रेकॉर्ड केलं की सेकंदाला ४० एमबी, म्हणजे मिनिटाला २.४ जीबी, कार्ड बघताबघता भरतं.

"कॉम्पॅक्ट" ह्या शब्दानेही छळलं. रास्पबेरी पाय (हाताएवढा कॉम्प्युटर) आणि एसडीआर एकाच डब्यात कोंबले तर २.४ वर कायम काहीतरी वळवळत होतं. दोन संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या राउटरला शिव्या घातल्या आणि निघालं काय, तर डब्यातल्या पायचंच वायफाय चालू. यूएसबी ३ चा गोंगाटही २.४ मध्येच येतो, तो वेगळा.

आता खरा खड्डा. बडोद्याचं विमानतळ हरणीला, गावाला लागूनच, त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या अगाशीवरून (गच्चीवरून) ड्रोन उडवायचा प्रश्नच नव्हता (ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी "डिजिटल स्काय"चा नकाशा आधी बघा, नंतर नको). मग एका लग्नाच्या फोटोवाल्या मित्राचा ड्रोन घेऊन बडोद्याजवळच्या पादरा गावाकडे एका शेतात गेलो आणि सगळं "ड्रोन आहे" रेकॉर्डिंग तिथे केलं. "ड्रोन नाही" वालं घरी अगाशीवर. शेतात शांतता म्हणून गेन (रिसीव्हर सिग्नल किती वाढवतो ते) ४०, अगाशीवर वायफायची गर्दी, क्लिप व्हायला लागलं, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जायला लागली, म्हणून गेन २०. लक्षात आलं का काय झालं? मॉडेल ड्रोन शिकलंच नाही, ते शेत शिकलं. गेन जास्त, बँड मोकळा, नॉइज फ्लोअर (मागची खरखर) वर, की झाला ड्रोन. टर्मिनेटर लावल्यावर नेमकं तेच चित्र.

वर आणखी एक गाढवपणा: एकाच रेकॉर्डिंगचे दहा-दहा मिलिसेकंदाचे तुकडे करून ते पत्त्यांसारखे पिसून ट्रेन आणि टेस्टमध्ये वाटले. शेजारचे दोन तुकडे म्हणजे जुळे भाऊ, एक अभ्यासाला आणि दुसरा परीक्षेला, ९९ टक्के येणारच की! वाटणी दिवसावर आणि जागेवर करा, तुकड्यांवर कधीच नाही. दोन्ही प्रकार दोन्ही जागी, त्याच गेनवर घ्या. गावात उडवता येत नाही तर पाती काढून ड्रोन नुसता चालू करून अगाशीवर ठेवा, मोटर फिरवायची गरज नाही, रिमोट आणि व्हिडिओची लिंक तरीही चालूच असते. हे मला आठ महिने कोणी सांगितलं नाही. आमचे सर भला माणूस, पण प्रत्येक दुखण्यावर "मॉडेल मोठं कर" हेच औषध. आणि तयार डेटासेटवर ९९ टक्के दाखवणाऱ्या सीनियरकडून शिकू नका, त्याचा डबा बाहेर नेऊन चालवून बघा.

सगळं नीट केल्यावर अचूकता ७१ वर आली. रडू आलं, खोटं नाही बोलत. पण ते ७१ खरे होते, तुमचेही पडले तर घाबरू नका.

पुढे मॉडेल बाजूला ठेवून जुन्या पद्धतीने बसलो तेव्हा गाडी हलली. डीजेआय ह्या ड्रोन कंपनीच्या ऑक्युसिंक लिंकमध्ये ओएफडीएम आहे, म्हणजे डेटा बऱ्याच बारीक कॅरियरवर वाटून पाठवतात. त्या कॅरियरमध्ये १५ किलोहर्ट्झचं अंतर, म्हणजे ६६.७ मायक्रोसेकंदाच्या लॅगवर ऑटोकोरिलेशनला (सिग्नल तेवढा सरकवून स्वतःशीच ताडून बघणं) टोक येतं. नेहमीच्या वायफायचं ३१२.५ किलोहर्ट्झ, टोक ३.२ वर. पायवरही पळतं. फक्त बँडच्या खालच्या कडेला सांभाळा, २३०० मेगाहर्ट्झचा एलटीई (मोबाइलचं ४जी) तिथेच शेजारी आणि त्याचेही कॅरियर १५ चेच. जो ड्रोन काही पाठवतच नाही, नुसता ठरलेल्या रस्त्याने जातो, तो ह्यात दिसणार नाही, हे रिव्ह्यूत स्वतःच सांगून टाका, विचारायची वाट बघू नका. आणि "जॅमर पण लावू का?" असं डोक्यात आलं तर तिथल्या तिथे सोडा, खाजगी माणसाने जॅमर वापरणं बेकायदा आहे.

अगाशीवरचा अँटेना १३ जानेवारीला संध्याकाळीच उतरवा. माझा वासी उत्तरायणच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या) दुपारी पतंगाच्या मांज्यात अडकून केबलसकट काकूंच्या पत्र्यावर गेला, कनेक्टर तुटला आणि काकू अजून विचारतात की टीव्हीचा होता का.